‘देनारा कोन शे?’ : बुद्धी घटली म्हणून समाजाची नजर आखूड होते का?

प्रश्न विचारणारे गृहस्थ शिरपूर तालुक्यातले शिक्षक आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. पोरांना पाढे येत नाहीत, दोन पानं सलग वाचवत नाहीत. जी हुशार होती ती पुण्याला, सुरतेला, काही परदेशात गेली, आणि गावात, त्यांच्याच शब्दांत, ‘गाळ’ राहिला. म्हणूनच बोअरवर बोअर, कापसाची फरदड (हंगाम संपला तरी जुनंच पीक उभं ठेवणं), नदीतल्या वाळूचा उपसा, सगळं आजचं आज चाललंय. युरोपातही बुद्ध्यांक घसरतोय असं त्यांनी वाचलंय. तर बुद्धी घटली की समाज आखूड नजरेचा होतो, हे खरं का?

मी धुळ्यात 26 वर्षं मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या घेते. लाकडी ठोकळे, चित्रांचे पत्ते आणि थांबघड्याळ घेऊन बसणं हाच माझा धंदा. तेव्हा बुद्धीला किंमत नाही, असं मी म्हणणार नाही. पण सर, तुम्ही जोडलेला धागा फार बारीक आहे. जे ओझं तुम्ही त्याच्यावर टाकताय, ते त्याला पेलत नाही.

आधी साक्री तालुक्यातल्या एका शिबिराची गोष्ट. आम्ही मुलांच्या चाचण्या घेत होतो आणि सोबत आलेल्या मोठ्या माणसांना, सहज म्हणून, मानसशास्त्रातला एक नेहमीचा प्रश्न विचारत होतो: आज 500 रुपये घ्याल की महिन्याभराने 700? जो थांबेल तो दूरदर्शी, जो आज घेईल तो उतावीळ, असा त्याचा हिशेब. नातवाला घेऊन आलेले एक आप्पा तंबाखू मळत होते. मळता मळताच त्यांनी मला अहिराणीत विचारलं, “ताई, देनारा कोन शे?” देणारा कोण आहे?

माझ्या कागदावर या उत्तराला रकाना नव्हता. मी ‘आज 500’ वर खूण केली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. ती खूण चुकीची होती, हे कळायला मला काही वर्षं लागली.

आता बुद्ध्यांक खरंच घसरतोय का, ते पाहू. बिनेने 1905 मध्ये फ्रान्समध्ये पहिली चाचणी केली. आपल्याकडे कामतांनी तिचं मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केलं, ती बिने-कामत चाचणी आजही कपाटात असते. नागपूरच्या मालिन यांची 1969 ची चाचणीही आम्ही वापरतो. या सगळ्यांत 100 म्हणजे त्या वयाच्या मुलांची सरासरी, पण चाचणी ज्या काळात तयार झाली त्या काळातली. जेम्स फ्लिन यांनी 1987 मध्ये 14 देशांची आकडेवारी मांडून दाखवलं की पिढ्यांमागून पिढ्यांचे गुण वाढत गेले. ठोकळ मानाने दर दशकाला 3. म्हणजे जुन्या मापाने मोजलं की आजचं मूल आपोआप हुशार दिसतं आणि नव्या मापाने मोजलं की तेच मूल ‘घसरतं’. एक वडील माझ्यावर चांगलेच तापले होते. पोराचा आठव्या वर्षी 112 आला होता, बाराव्या वर्षी नव्या चाचणीवर 103. “मॅडम, मोबाइलने माझ्या पोराचे नऊ गुण खाल्ले.” मोबाइलने त्याचं बरंच काही खाल्लं असेल, मुख्यतः झोप. पण हे नऊ गुण बहुतांशी पट्टीने खाल्ले होते.

तरी युरोपातली बातमी खोटी नाही. नॉर्वेमध्ये लष्करी सेवेसाठी तरुणांची चाचणी होते, त्यामुळे तिथे वर्षानुवर्षांची सलग नोंद आहे. 1962 ते 1991 दरम्यान जन्मलेल्यांचा तो हिशेब ब्रात्सबर्ग आणि रोगेबर्ग यांनी 2018 मध्ये मांडला. साधारण 1975 पर्यंत जन्मलेल्यांचे गुण चढते आहेत, नंतरच्यांचे उतरते. यातली महत्त्वाची गोष्ट मात्र बातम्यांतून गळते. त्यांनी एकाच घरातले सख्खे भाऊ एकमेकांशी ताडून पाहिले, आणि चढ-उतार भावाभावांतही तसाच दिसला. आई तीच, बाप तोच. म्हणजे ‘बिनडोकांना जास्त पोरं होतात म्हणून पिढी बिघडली’ हे जे चहाच्या टपरीवर आणि दुर्दैवाने शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येतं, ते या घसरणीचं कारण ठरत नाही. जे बदललं ते घराबाहेर किंवा घराच्या रीतीत बदललं. शाळा, वाचन, वेळ कसा जातो ते.

आपल्याकडे सक्तीची लष्करी सेवा नाही, म्हणून तशी नोंदही नाही. पण बुद्धीवर खरोखर घाला घालणाऱ्या गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत, आणि त्यांतल्या काही मागे हटल्यात. शिसं असलेलं पेट्रोल 2000 साली देशातून गेलं. आयोडीनयुक्त मीठ घरोघर पोहोचलं. जे मागे हटलेलं नाही ते शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर दिसतं. पहिल्या दोन वर्षांत पोटाला न मिळालेलं मूल मी सहाव्या वर्षी तपासते, तेव्हा ठोकळे जुळवताना त्याचा हात कुठे अडतो ते मला दिसतं. बुद्धीची काळजी असेल तर ती तिथे करावी. पाढे न येणाऱ्या शिरपूरच्या पोरांबद्दल मला तेवढी वाटत नाही.

आता मूळ मुद्दा. समजा घसरण झाली. नजर आखूड होईल?

बुद्धी आणि थांबण्याची तयारी यांचा संबंध आहे, हे मान्य. 2008 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला सहसंबंध 0.23 च्या आसपास आला (त्याचा वर्ग साधारण 0.05). आमच्या भाषेत याचा अर्थ असा, की माणसामाणसांत दूरदृष्टीचा जो फरक असतो, त्यातला जेमतेम विसावा हिस्सा बुद्ध्यांकाने सांगता येतो. उरलेले एकोणीस हिस्से दुसरीकडे शोधावे लागतात.

एक जागा म्हणजे खिसा. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा 2013 मधला अभ्यास प्रसिद्ध आहे. तीच 464 माणसं ऊस तुटण्याआधी चणचणीत आणि ऊस तुटून पैसे आल्यावर, अशी दोनदा तपासली. चणचणीच्या वेळी चित्रकोड्यांत गुण कमी आले. माणूस तोच, चार महिन्यांत त्याचा मेंदू काही बदलला नाही. पुढे 2016 मध्ये अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या लोकांना पगाराच्या आधी आणि नंतर तपासलं, तेव्हा डोक्याच्या चाचण्यांत फरक सापडला नाही, पण पैशाच्या प्रश्नाला पगाराआधीची मंडळी ‘आत्ताच द्या’ म्हणत होती. मला हा दुसरा अभ्यास जास्त पटतो. बुद्धी जागेवर शाबूत आणि नजर तरीही आखूड. खिशात काही नसेल तर ‘आत्ताच द्या’ हेच शहाणपणाचं उत्तर असतं.

मार्च महिन्यात कुठल्याही विकास सोसायटीच्या दारात उभं राहा म्हणजे हे दिसेल. पीक कर्ज 31 मार्चच्या आत भरलं तर व्याजाची सवलत मिळते, चुकलं तर जाते. कापूस घरात भरलेला, भाव पडलेला. मग माणूस काय करतो? आठ-दहा दिवसांसाठी सावकाराकडून उचलतो, बँकेत भरतो, नवं कर्ज मंजूर झालं की सावकाराला व्याजासकट देतो. याला सगळे ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा मूर्खपणा वाटतो. कागद घेऊन हिशेब मांडला तर बहुतेक वेळा तो बरोबर निघतो. मी मांडून पाहिलाय, आणि तो मांडायला मला त्या शेतकऱ्यापेक्षा जास्त वेळ लागला.

दुसरी जागा आप्पांनीच दाखवून दिली होती. रोचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये लहान मुलांवर एक प्रयोग मांडला. मिठाईचा एक तुकडा समोर ठेवायचा, थांबलास तर दोन मिळतील म्हणायचं, हा जुना खेळ. पण त्याआधी निम्म्या मुलांना ‘चांगले रंग आणून देते’ सांगून खरंच आणून दिले, आणि निम्म्यांना सांगून दिले नाहीत. ज्यांना शब्द पाळलेला दिसला होता, ती मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली. ज्यांची फसगत झाली होती, ती 3 मिनिटं. ही काही मठ्ठ पोरं नव्हती. देनारा कोन शे, हे ती शिकली होती.

आता कापूस. सर, फरदडीचं उदाहरण तुम्ही दिलंत म्हणून जरा थांबते, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं सगळं मर्म कापसातच आहे.

बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला, 2002 मध्ये आला, दोन जनुकांचा 2006 मध्ये. 450 ग्रॅमच्या बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमची एक छोटी पुडी मिळायची, बिगर बीटी बियाण्याची. ती शेताच्या कडेने लावायची. त्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्यात, बीटीला न जुमानणाऱ्या अळ्यांच्या पतंगांशी त्यांच्या पतंगांची गाठ पडावी, आणि प्रतिकारशक्ती पसरायला उशीर व्हावा, अशी ती युक्ती. अळीला थोडं चारायचं म्हणजे ती सगळं खाणार नाही. लोकांनी काय केलं? माझ्या वडिलांच्या खळ्यातल्या कोनाड्यात अशा पुड्यांची चळत होती. एकावर धूळ, दुसरीला उंदरांनी भोक पाडलेलं. वडील जुने मॅट्रिक, हिशेबाला पक्के. ते म्हणायचे, “कडेच्या पाच ओळी मी अळीला घालायच्या आणि फायदा सगळ्या शिवाराचा? शेजारी लावतो का?” शेजारी लावत नव्हता. त्याच्याकडे कृषीची पदविका होती.

मग फरदड. डिसेंबरअखेर कापूस आटोपून पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, काढायची, हे शास्त्र. पण पाणी असलं की माणूस खताचा एक हात देतो, पाणी सोडतो, झाड पुन्हा फुटतं, दोन वेचण्या जास्त मिळतात. वर्षाने ठेवलेल्या सालदाराची पुढची उचल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, द्यायची असते, तिला तेवढाच हातभार. तिकडे गुलाबी बोंडअळीला मार्चपर्यंत जेवण मिळतं आणि पुढच्या हंगामाला ती तयारच असते. खान्देशात ठिबकवर मे महिन्यात लागवड करण्याची रीत, म्हणजे तिला मधे उपासही पडत नाही. हे चक्र तोडायचं म्हणूनच सरकारने काही वर्षं मे महिन्यात बियाणं विकायला बंदी घातली होती. 2017 मध्ये राज्यभर बोंडअळीने जे केलं ते सगळ्यांच्या लक्षात असेल. बोंड फोडावं तर आत कवडी, म्हणजे किडका, कडक कापूस.

यात बुद्धी कुठे कमी पडली? कुणाचीच पडली नाही. जो तो आपापल्या बांधाच्या आत अचूक विचार करत होता. शिवारातल्या सगळ्यांचा बुद्ध्यांक दहाने वाढवला असता, तर त्या पुड्या कोनाड्यात टाकण्याची आणखी चांगली कारणं लोकांनी शोधली असती. हे मी कुचेष्टेने म्हणत नाहीये, माझ्या घरातलंच सांगतेय.

याच्या उलट उदाहरण आमच्याच धुळे जिल्ह्यात कित्येक पिढ्या चाललं. पांझरा नदीवरची फड पद्धत. नदीला छोटा बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, बहुधा चार. एका फडात एकच पीक, कुठलं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, आणि ते दरवर्षी फिरवायचं. ऊस या फडात आला की पुढच्या वर्षी दुसऱ्या फडात. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, त्यांना मोबदला शेतकऱ्यांनी द्यायचा. पाटकरी सांगेल तेव्हाच पाणी, मग जमीन पाटलाची असो की कुणाची. आणि यातली खरी खुबी अशी, की एकेका कुटुंबाची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असायची. दुष्काळी साली पाणी एकाच फडाला पुरलं, तर त्या फडात सगळ्यांचा तुकडा असायचा आणि कोरड्या फडांतही सगळ्यांचाच. नुकसान वाटून घेण्याची सोय जमिनीच्या वाटणीतच करून ठेवलेली. तीनशे-चारशे वर्षांपूर्वी हे बसवणाऱ्यांपैकी किती जणांना अक्षर ओळख होती कोण जाणे, पण माझ्या चाचणीत त्यांना किती गुण पडले असते याची मला मुळीच उत्सुकता नाही. वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी आणि मोटारी आल्या, ज्याचं त्याचं पाणी ज्याच्या त्याच्या बटणाखाली आलं. पाटकऱ्याचं ऐकायची गरज संपली तशी फडांची घडी बऱ्याच ठिकाणी विसकटली. त्या गावांतली शाळा मात्र याच काळात चौथीवरून दहावीपर्यंत गेली. शिक्षण वाढत होतं आणि नजर आखडत होती, तीही एकाच गावात, एकाच पिढीत.

साक्री तालुक्यातलंच बारीपाडा घ्या. आदिवासी पाडा, उजाड डोंगर. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला चैत्राम पवार आणि गावाने मिळून कुऱ्हाडबंदी, चराईबंदी ठरवली आणि पाळली. आज तिथे चारशे हेक्टरांवर जंगल आहे. पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. आज तोडलं नाही तर उद्या दुसरा तोडेल, ही भीती त्यांनी आधी काढली, जंगल त्यानंतर आलं. नियम मोडणाऱ्याला गावच दंड करतं, हे पाड्यावरच्या प्रत्येकाला माहीत असतं. देनारा कोन, हे तिथे ठरलेलं आहे.

राहिला तुमचा ‘गाळ’. तो शब्द वर्गात वापरू नका एवढीच विनंती, पोरं ऐकतात. हुशार मुलं गेली हे खरं, आणि त्याचा नजरेवर परिणाम होतो हेही खरं, पण तुम्ही समजता त्या वाटेने नाही. शिंदखेड्याकडच्या एका बापूंशी माझं बोलणं झालं होतं. मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत, फ्लॅट घेतलेला, सून तिकडचीच. बापूंनी एका वर्षात तीन बोअर केले, दोन कोरडे गेले. मी म्हटलं, बापू, जरा पुनर्भरणाचं काही केलं तर? ते म्हणाले, “पोऱ्या आते येवाव नही. पानी कोनसाठे ठेवू?” पुनर्भरणाचा खड्डा कसा करायचा ते बापूंना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. ज्याच्यासाठी उद्या राखायचा, तोच उद्यातून निघून गेलाय. सगळी हुशार पोरं गेली आणि त्यांच्या जागी तेवढीच हुशार दुसरी आणून बसवली, तरी बापूंचा चौथा बोअर थांबणार नाही.

पोरांच्या लक्ष टिकण्याबद्दल तुमचं निरीक्षण बरोबर आहे, माझ्याकडेही तेच दिसतं. मागोमाग आकडे म्हणायला लावले तर सहाव्या आकड्याला नजर दाराकडे जाते. पण लक्ष आणि बुद्धी ही वेगवेगळी खाती आहेत. लक्षाचं खातं सवयीने भरतं आणि सवयीनेच रिकामं होतं. वर्गात एक करून बघा. वर्षभर चालणारं काहीतरी पोरांवर सोपवा, झाडं म्हणा, पुस्तकांची पेटी म्हणा, आणि जूनमध्ये दिलेला शब्द मार्चमध्ये न चुकता पाळा. सहल म्हणालात तर सहल न्या. शाळेत शब्द पाळलेला पाहिला असेल तर पोरगं थांबायला शिकतं. माझ्या चाचणीतून ते शिकवता येत नाही.

आता स्वतःचंही सांगते, म्हणजे मी वरून बोलतेय असं वाटायला नको. वडिलांच्या माघारी साडेतीन एकर माझ्या वाट्याला आली. बटाईने दिलीय, निम्मे-निम्मे. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गेले तर कापूस उभा. एक फूल पाहिलं, पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारख्या झालेल्या. डोमकळी. बोंड फोडलं तर आत गुलाबी बोंडअळी होतीच. बटाईदार नाना म्हणाले, “ताई, अजून दोन वेचण्या निघतीन.” वर लिहिलेलं सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं. मी म्हटलं, “बघा नाना, तुम्हाला ठीक वाटेल ते.” त्या दोन वेचण्यांत निम्मं माझंही होतं. दोन क्विंटल कवडी आली.

ऑगस्टमध्ये शेजारच्या भाऊसाहेबांच्या शेतात डोमकळ्या दिसल्या. ते बांधावर येऊन एवढंच म्हणाले, “ताई, तुमची पऱ्हाटी मार्चपर्यंत उभी होती ना?”

त्यानंतर आमच्या शिवारातल्या अकरा जणांनी बसून तारीख ठरवली. 31 डिसेंबरला कापूस बंद, आणि दुसऱ्याच दिवशी ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या सगळ्या शेतांत एकदम सोडायच्या. एकदम, म्हणजे कुणाला ‘तुमचं आधी’ म्हणता येऊ नये. पहिल्या वर्षी सात जणांनी पाळलं. यंदाही ठेलारींना निरोप गेलाय. चौघं अजून ‘बघू’ म्हणताहेत, त्यातले दोघं पदवीधर आहेत.